चौथा खड्डा

आमच्या घरात दोन गोष्टींच्या बाबतीत बाबा कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकत नाहीत. एक विजेचं बिल आणि दुसरा गच्चीवरचा पंचशील ध्वज. बिल कमीत कमी यावं आणि ध्वज उंचात उंच असावा. इतकी वर्षं या दोन हट्टांचा एकमेकांना काही उपद्रव नव्हता. यंदाच्या उन्हाळ्यात सोलरच्या निमित्तानं त्यांची गाठ पडली आणि मधल्यामध्ये आई सापडली.

आईला दमा आहे. नागपुरात मार्च सरला की घरोघर कूलर लागतात. कूलरची ती ओली, वाळ्याच्या वासाची हवा बाकीच्यांना सुखाची असते, आईच्या मात्र छातीत जाऊन बसते. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, कूलर बंद करा आणि एसी लावा. एसी मी आणला. बाबांनी तो भिंतीवर बसवू दिला, चालू करू दिला नाही. बिल मी भरते म्हटलं तर म्हणाले, "घर माझं आहे, बिलही माझंच." वर त्यांनी एसीवर धूळ बसू नये म्हणून जुनी चादर टाकली. त्या चादरीखाली मागचा अख्खा उन्हाळा तो यंत्रोबा झोपून राहिला आणि आई बाजूच्या कूलरच्या हवेत खोकत राहिली.

आईला विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "मले काय धाड भरली?" आणि हे वाक्यही तिला एका दमात पूर्ण करता येत नसे.

शेवटी तोडगा बाबांनीच काढला. गल्लीतल्या एका घरावर सोलर लागलं होतं आणि त्यांचं बिल जवळपास नाहीसं झालं होतं, हे बाबांच्या कानावर आलं. मला म्हणाले, "आपणही लावू. ज्या दिवशी त्याच्यावर वीज सुरू होईल त्या दिवसापासून चोवीस तास एसी चालव. मी हूं की चूं करणार नाही." बाबांनी दिलेला शब्द फिरवलेला मी पाहिलेला नाही. हा त्यांचा गुण आहे आणि त्यामुळेच त्यांच्यासोबत राहणं अवघड आहे.

मी विम्याच्या ऑफिसात काम करते. एखादा कागद कमी आहे म्हणून मी रोज लोकांना परत पाठवत असते, त्यामुळे सरकारी कामाची मला धास्ती नाही. अर्ज केला, सोलरवाला गाठला. हा माणूस तोंडानं भारी चालू होता. अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हो जाएगा" म्हणायचा. त्यानं गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा केला, पॅनल चढवले आणि खाली आमच्या अंगणात मोगऱ्याच्या बाजूला अर्थिंगसाठी तीन खोल खड्डे खणले. विजेला जमिनीत उतरायला वाट हवी, म्हणून त्या खड्ड्यांत तांब्याच्या सळया घालून मीठ-कोळसा भरतात. आई वऱ्हांड्यात खुर्ची टाकून हे सगळं पाहत बसायची. माडीचा जिना तिला केव्हाच वर्ज्य झाला होता, त्यामुळे वर काय चाललंय ते तिला आम्ही सांगू तेवढंच कळे. खड्डे मात्र तिच्या समोरचे होते. मोगऱ्याचं मूळ तोडू नका म्हणून ती खणणाऱ्यांना दटावायची.

सगळं बसलं की वीज कंपनीचे साहेब येऊन तपासणी करणार, त्यांनी पास केलं की नवा मीटर लागणार, आणि त्यानंतरच पॅनल सुरू करता येणार. तोवर पॅनल नुसते ऊन खात पडून राहणार. हे बाबांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की मी ऑफिसात असताना बाबांनी गच्चीवर काय करून ठेवलंय.

त्यासाठी आधी ध्वजाचं सांगायला हवं. माझे आजोबा धम्मदीक्षेच्या वर्षी कुहीकडच्या एका गावातून नागपुरात आले आणि इथलेच झाले. त्यांनी झोपडीसमोर एक बांबू रोवला आणि त्यावर ध्वज लावला. पुढे झोपडीचं कौलारू घर झालं, त्याचं स्लॅबचं झालं, वर माडी चढली. घर चढलं तसा ध्वजही वर चढला. बाबा वर्कशॉपात वेल्डर होते. त्यांनी बांबूच्या जागी लोखंडी पाइप आणला. गच्चीवर पाण्याची टाकी बसली तेव्हा ध्वज तिच्यापुढे बुटका वाटायला लागला, म्हणून त्यांनी पाइपाला जोड दिला. बाजूच्या घरानं त्याहून उंच टाकी बसवली तेव्हा आणखी एक जोड. मागे एकदा केबलवाल्यानं त्या पाइपाला आपली वायर बांधली होती. बाबांनी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत हाकलत नेलं होतं आणि आमच्या घरी पुढे कित्येक महिने टीव्ही दिसला नव्हता. ध्वजाच्या वर काही असता कामा नये, हा आमच्या घरचा कायदा. तो कुणी लिहिलेला नाही, बाबा आहेत म्हणून तो आहे.

आता सोलरबरोबर एक लाइटनिंग अरेस्टर येतो. उंच पाइपावर टोकदार तांब्याची दांडी. पडणारी वीज पॅनलवर न येता तिच्यावर पडावी आणि तारेतून खड्ड्यात उतरावी, अशी ती सोय. फिटरनं ती उभी केली तेव्हा ती ध्वजापेक्षा हातभर उंच निघाली. बाबा दुपारच्या उन्हात दुपट्टा डोक्याला बांधून वरच उभे होते. त्यांनी फिटरला तो पाइप उतरवायला लावला आणि समोर उभं राहून कापून घेतला. सोलरवाल्यानं सांगून पाहिलं, "बाबाजी, इन्स्पेक्शन में दिक्कत जाएगी."

"साहेबाले मी सांगतो ना गा. तू काप."

आणि पुढे सोलरवाल्यानं त्याचं ते "हो जाएगा" म्हटलं. या माणसाला मी आयुष्यात एकदाच मनापासून शिव्या दिल्या, त्या यासाठी.

तपासणीच्या दिवशी मी रजा काढली. साहेब म्हणजे माझ्याहून लहान एक इंजिनिअर निघाला. चहा नको म्हणाला, पाणी घेतलं, आईला "तब्येत कशी आहे, मावशी?" असंही विचारलं. अंगणातले तिन्ही खड्डे पाहिले, मशीन लावून अर्थिंग तपासलं, इन्व्हर्टरपाशी बराच वेळ घालवला. सगळं ठीक होतं. मग आम्ही वर गेलो. गच्चीवर पाय ठेवताच त्याची नजर ध्वजाकडे गेली आणि त्यानं सवयीनं हात जोडले. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की काम झालंच. हळूच म्हणाले, "आपलाच पोरगा आहे."

आपल्या पोरानं मग अरेस्टरकडे पाहिलं, पुन्हा ध्वजाकडे पाहिलं, पुन्हा अरेस्टरकडे. म्हणाला, "हा असा कसा काय बुटका लावला?"

सोलरवाला तोंड उघडणार तेवढ्यात बाबा पुढे झाले. "मीच कापून घेतला. ध्वजाच्या वर जाऊन राहिला होता."

बाबा खोटं बोलले असते, गप्प राहिले असते, तरी काही उपयोग झाला नसता म्हणा. पण ते हे इतक्या अभिमानानं म्हणाले की मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं.

इंजिनिअरनं फार सौम्यपणे समजावलं. अरेस्टर गच्चीवरच्या प्रत्येक गोष्टीच्या वर असायला हवा. लोखंडी पाइप त्याच्याहून उंच असेल तर वीज पाइपावर पडेल, आणि पाइपाला तर अर्थिंगही नाही. एकतर अरेस्टर वाढवा, नाहीतर ध्वज खाली घ्या. तसं करून कळवा, मी पुन्हा येतो. आज पास करता येणार नाही.

"माझ्या बापानं लावलेला ध्वज आहे, साहेब," बाबा म्हणाले.

"माझ्याही आजोबांनी लावला आहे, काका," तो म्हणाला. "पण सही माझी आहे. उद्या घरावर वीज पडली तर?"

वादात हरले की बाबा जिना उतरतात. ते उतरून गेले.

पुढचे दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. सोलरवाला दर दोन-चार दिवसांनी नवी युक्ती घेऊन यायचा. पाइप काढून बांबू लावू या का? पण बांबू असो की लोखंड, उंच तो उंचच. ध्वजाच्याच पाइपावर वर अरेस्टरची दांडी बसवू या का, एकाच खांबावर दोन्ही? बाबा उसळले. "ध्वजाच्या डोक्यावर खिळा ठोकतो काय गा तू?" त्यानंतर त्या माणसानं फोन करणं पसंत केलं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. गच्चीवर पॅनल चकाकत होते, त्यांच्यावर एवढं ऊन ओतलं जात होतं की गल्लीभर दिवे लागले असते, आणि खाली आमच्या घरात त्यातला थेंबही उतरत नव्हता. चादर एसीवर तशीच. आई कूलरसमोर बसली की खोकायची आणि कूलर बंद केला की घामानं भिजायची. मग तिनं मधला मार्ग काढला. कूलर समोरच्या खोलीत आणि ती मागच्या खोलीत, दार अर्धवट लोटून. म्हणजे थोडी हवा आणि थोडा खोकला. मला बाबांचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही. एका रविवारी जेवताना म्हटलं, "बाबा, तुम्हाला आईपेक्षा पाइप मोठा झाला."

बाबांनी ताटावरची नजर उचलली नाही. "तुले समजणार नाही," म्हणाले, आणि मग, "खाली घेतला तर बाप काय म्हणीन?" आजोबा जाऊन जमाना झाला होता. पण बाबांनी हे ज्या आवाजात म्हटलं, तो सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा आवाज नव्हता. तो बापाला भिणाऱ्या मुलाचा होता. माझा राग अर्धा उतरला, त्यामुळे भांडायचंही बळ गेलं.

बुद्धपौर्णिमा जवळ आली. दर बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे नवा ध्वज चढतो, कारण नागपूरचं ऊन वर्षभरात सगळे रंग पिऊन टाकतं. हा ध्वज बाजारातून येत नाही, आई शिवते. सीताबर्डीहून मी पाच रंगांचं कापड आणून देते. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, असे पाच उभे पट्टे जोडायचे. ते सोपं असतं. शेवटी सहावा पट्टा असतो, त्यात त्याच पाच रंगांचे छोटे तुकडे एकाखाली एक जोडायचे. आईचा सगळा वेळ तो सहावा पट्टा खातो. तुकडे एका मापाचे आले नाहीत तर ती शिवण उसवते आणि पुन्हा घालते.

त्या दुपारी ती मशीनवर बसली होती. मशीन चालवायची, थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा चालवायची. बाबा वऱ्हांड्याच्या दारात अंगणाकडे तोंड करून बसले होते. मी कापड धरून ठेवायला होते.

आई मशीन थांबवून म्हणाली, "मी म्हणतो, ध्वज खालीच काहून नाही लावत?"

बाबा वळले नाहीत. "किती खाली? अरेस्टरच्या खाली?"

"गच्चीवर कायले? इथं. अंगणात." तिनं दाराबाहेर बोट दाखवलं. "तीन खड्डे खणले ना त्या माणसानं? त्याच्याच बाजूनं एक अजून खणा. तुमच्या बाबानं जमिनीतच तर रोवला होता. घराच्या डोक्यावर तर तुम्ही नेला."

बाबांनी मान वळवली. आजोबांचा बांबू जमिनीत होता, ही गोष्ट त्यांच्याइतकी कुणाला माहीत नव्हती. ती त्यांना कुणी अशी उलटून दाखवली नव्हती.

"लोक काय म्हणतील," ते म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. "म्हणतील, ध्वज उतरवला."

आईनं हातातला सहावा पट्टा मांडीवर सरळ केला. तिला बराच वेळ बोलायचं होतं हे तिच्या श्वासावरून कळत होतं, ती मधे मधे थांबून बोलली. "लोकाइचं जाऊ द्या. माझा दम वाढला तेव्हापासून मी वर नाही आली. दर साली ध्वज मी शिवतो. तुम्ही घेऊन वर जाता. मी इथं खाली हात जोडून उभी राहतो, वरून वंदनेचा आवाज येते तेवढा ऐकतो. चढलेला मी पाह्यलाच नाही. अंगणातून तर टाकीच दिसते. गल्लीच्या मोडावर जाऊन पाहा लागते, अन् मोडापर्यंत मले चालवत नाही." मग जणू काही फार बोलली असं वाटून तिनं शेवटी जोडलं, "रंग बरोबर येते का नाही, तेवढं तरी दिसीन."

बाबा दारात बसून होते. त्यांनी आईकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या पट्ट्याकडे पाहिलं. मी त्यांना रडताना आजोबा गेले तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं, त्या दुपारीही नाही पाहिलं. ते फक्त म्हणाले, "मग सांगायचं नाही का वं?"

"तुम्ही विचारलं काय?" आई म्हणाली आणि मशीन चालू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबांनी सोलरवाल्याला फोन लावून बोलावलं. बाबांनी स्वतः पाइपाचं बूड ग्राइंडरनं कापलं, ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. नंतर दिलेले जोडही कापून टाकले, म्हणजे पाइप उरला तो त्यांनी अगदी पहिल्यांदा आणला होता तेवढाच. तो दोरानं बांधून गच्चीवरून खाली सोडला तेव्हा अर्धी गल्ली पाहायला जमली आणि लोक काय म्हणतील ते लोकांनी म्हणून घेतलं. अंगणात चौथा खड्डा तयार होता, मोगऱ्यापासून जरा दूर आणि आईच्या खुर्चीच्या अगदी समोर. सोलरवाला खड्ड्यात डोकावून म्हणाला, "बाबाजी, इसमें भी नमक-कोयला डालना है क्या?"

बाबा हसले. महिनाभरात पहिल्यांदा हसले. "याच्यात गिट्टी-सिमेंट टाक. हा विजेसाठी नाही."

गच्चीवर अरेस्टरला नवा, पूर्ण उंचीचा पाइप बसला. इंजिनिअर परत आला. यावेळी त्यानं चहा घेतला. वर जाऊन पाहून आला, सही केली, आणि जाताना अंगणात रिकाम्या पाइपासमोर क्षणभर थांबला. तिथं अजून ध्वज लागायचा होता, तरी त्यानं हात जोडले. त्याच आठवड्यात नवा मीटर लागला. सोलरवाल्यानं खटका ओढला आणि इन्व्हर्टरवर हिरवा दिवा आला, तेव्हा बाबा आत गेले आणि एसीवरची चादर त्यांनी स्वतःच्या हातानं काढली, झटकली, घडी घालून कपाटात ठेवली. मी रिमोट त्यांच्या हाती दिला. तो कसा चालवायचा ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी तो आईला दिला. तिलाही माहीत नव्हतं. शेवटी मीच लावला.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी अंगणात शेजारपाजारची मंडळी जमली. आई पांढरं पातळ नेसून खुर्चीवर बसली होती. आधीच्या काही रात्री तिनं सलग झोपून काढल्या होत्या आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाबांनी ध्वज दोरीला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. आजवर दोरी नेहमी त्यांनीच ओढली आहे. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो. ते दोरी हातात घेऊन आईच्या खुर्चीपाशी आले आणि म्हणाले, "उठ वं."

आई उठली. तिनं काही आढेवेढे घेतले नाहीत, याचं मला नवल वाटलं. तिनं दोरी धरली आणि ओढायला लागली. ध्वज हळूहळू वर निघाला, आणि अर्ध्यावर गेला तेव्हा तिला दम लागला. ती थांबली. ध्वज पाइपाच्या मध्यावर लटकून राहिला. कुणीतरी मागून मदतीला पुढे आलं, तर बाबांनी हात आडवा करून त्याला थांबवलं. आई डोळे मिटून श्वास घेत होती. दोरी तिच्या मुठीत घट्ट होती.

"थांब जराशी," बाबा म्हणाले. "आपल्याले घाई नाही."

आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो. मग आईनं डोळे उघडले, वर पाहिलं आणि उरलेली दोरी ओढली.